मोजक्या बाणांचा भाता

आपल्याकडे धनुष्यांना नावं असतात. शंकराचं पिनाक, विष्णूचं शार्ङ्ग, रामाचं कोदंड, अर्जुनाचं गांडीव, कर्णाचं विजय. भात्याचं बारसं मात्र कोणी केलं नाही. अर्जुनाच्या भात्यांना फार तर 'अक्षय' हे विशेषण मिळालं, तेही पोटात काय आहे यावरून. कीर्तनकारांनी गांडीवाच्या टणत्कारावर रात्री रंगवल्या. भाता पाठीवर आहे आणि हात मागे गेला की बाण हाताला लागतो, एवढं सगळ्यांनी गृहीत धरलं.

धनुष्यबाण घेऊन जंगलात हिंडू लागलं की हा अन्याय लक्षात येतो. धनुष्याचं खरं काम दोन-तीन सेकंदांचं, आणि बहुतेक दिवशी तेही पडत नाही. भाता पहाटे गाडीतून उतरल्यापासून अंधार पडेपर्यंत अंगावर असतो. कुठल्या झुडपाखालून वाकून जायचं, ओंडक्याला पाठ टेकून कसं बसायचं, पावसात किती वेळ थांबायचं, ओढा ओलांडायचा की वळसा घालायचा, हे सगळं तो ठरवतो. नवखा माणूस धनुष्य निवडण्यात जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मा जरी त्यानं भात्यावर घालवला, तरी पुढचे हंगाम सुखाचे जातील.

मी राहतो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या दक्षिण भागात. इथे बाराबू गावाभोवती जुन्या, कठीण खडकाच्या टेकड्या आहेत, ओक आणि हिकरीची झाडी आहे आणि जवळून विस्कॉन्सिन नदी वाळू पसरत जाते. धनुष्यानं हरणाची शिकार करण्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि जानेवारीच्या सुरुवातीला संपतो. परवाना काढावा लागतो, आणि त्यावर किती हरणं मारता येतील हे सरकार ठरवतं. पांढऱ्या शेपटीची हरणं या भागात इतकी आहेत की शेतकरी त्यांच्यावर चिडलेले असतात आणि रात्री गाडी चालवणारे धास्तावलेले. माझं धनुष्य पारंपरिक, म्हणजे लाकडाचं साधं लाँगबो. चाकं आणि केबल लावलेल्या आधुनिक कंपाउंड धनुष्यावर असते तशी नेमाची खूण त्यावर नाही. जनावर पंधरा-वीस यार्डांच्या आत आलं तरच बाण सोडायचा, नाहीतर त्याला जाऊ द्यायचं.

हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, हरणामागे गेला तेव्हा प्रत्यक्ष रामाचं काय झालं, ठाऊक आहे ना? आणि काय रे, तुमच्या घरात खायला काही नाही का?" पहिल्या प्रश्नाला मी हसलो. दुसरा प्रश्न डोक्यात राहिला. भात्याचा हा सगळा विचार खरं तर त्या प्रश्नामुळेच लांबला.

आधी भात्याची कामं पाहू. बाण सांभाळणं हे त्याचं काम आहे, असं म्हटलं की सगळं सांगून झाल्यासारखं वाटतं. पण बाण म्हणजे एकमेकांशी न पटणाऱ्या तीन वस्तू एका काडीवर बसवलेल्या असतात. पुढे वस्तऱ्यासारखं धारेचं रुंद पोलादी पातं, मधे लाकडाची काडी, मागे पिसं. काडी बहुधा पोर्ट ऑरफर्ड सीडरची. हे झाड ओरेगॉनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आणि त्याला लागून कॅलिफोर्नियात वाढतं, आणि त्याची काडी मोडली की मिऱ्यांसारखा तिखट वास येतो. पिसं टर्कीची. पात्याला दुसऱ्या पात्याचा स्पर्श चालत नाही, धार जाते. काडीला वाकवून ठेवलेलं चालत नाही. पिसांना पाऊस चालत नाही. भिजली की ती काडीला चिकटून बसतात आणि रुंद पात्याचा बाण भरकटतो, कारण अशा पात्याला हवेत सरळ ठेवणं हे पिसांचंच काम असतं. तेव्हा भात्यानं खाली पातं झाकायचं, मधे काडी अलगद धरायची आणि वर पिसं कोरडी ठेवायची.

शिवाय हे सगळं आवाज न करता. हरणाचे कान दोन्ही बाजूंना वेगवेगळे फिरतात. त्याच्या डोळ्याला तांबडा-नारिंगी रंग नीट दिसत नाही, पण हालचाल मात्र लगेच दिसते. पंधरा यार्डांवरचं हरीण पाला तुडवल्याचा आवाज एक वेळ माफ करील, कारण जंगलात पाला तुडवणारे पुष्कळ असतात. लाकडावर लाकूड टकटकलं की ते मान वर करतं. पुढचा पाय उचलून जमिनीवर आपटतं. त्यानंतर शेपटीची पांढरी पताका दिसते आणि त्या दिवसाचा खेळ आटोपतो.

पाठीवरच्या भात्याचं आकर्षण आपल्याला उपजतच असतं. कॅलेंडरवरचा राम, १९८७ साली दूरदर्शनवर आलेला राम, शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला राम, सगळ्यांचा भाता पाठीवर. पाश्चात्त्यांच्या मनातला रॉबिन हूडही तसाच. १९३८ साली एरॉल फ्लिनचा रॉबिन हूडवरचा रंगीत चित्रपट आला, त्यात पडद्यामागचे नेमबाज बाण हॉवर्ड हिलचे होते. अलाबामात जन्मलेला हा माणूस त्या काळातला सगळ्यात नावाजलेला तिरंदाज. त्याचा भाता मऊ चामड्याचा, लांब आणि सैल असे. तो पाठीवर तिरका बसे, अंगाबरोबर वळे आणि बाणांभोवती मिटत जाई, त्यामुळे बाण फारसे खुळखुळत नसत. आजही त्या घाटाचा भाता हिलच्याच नावानं ओळखतात.

गंमत अशी की इंग्लंडच्या खऱ्या लाँगबोवाल्यांच्या पाठीवर असा भाता असण्याची शक्यता कमीच. त्यांचे बाण कमरेच्या पट्ट्यात खोचलेले किंवा कापडी पिशवीत असत. १५४५ साली बुडालेलं आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' हे जहाज १९८२ साली समुद्रातून वर काढलं. त्यात बाणांबरोबर चामड्याच्या गोल चकत्या मिळाल्या, प्रत्येकीला चोवीस भोकं. एकेका भोकातून एकेक बाण गेला की चोवीस बाणांची जुडी एकमेकांना न घासता राहते, पिसंही चेंगरत नाहीत. म्हणजे पिसं कशी वाचवायची हा प्रश्न पाचशे वर्षांपूर्वीही होता, आणि कोणीतरी चामड्याच्या तुकड्यावर तो शांतपणे सोडवलेला होता.

मोकळ्या मैदानात पाठीवरच्या भात्याला तोड नाही. कुजक्या ओंडक्यांवर आणि गवताच्या गड्ड्यांवर बोथट बाण मारत दिवसभर हिंडायचं असेल, तर तोच घ्यावा. बाण पटकन निघतो, पटकन परत जातो, दोन्ही हात मोकळे राहतात. दाट रानात मात्र त्याची सगळी ऐट उतरते. फांदीखालून वाकलं की बाण मानेवरून पुढे घरंगळतात. ताठ चालावं तर पिसं फांद्यांत अडकतात. चामडं कडक असलं तर आतले बाण चमच्यांच्या भांड्यासारखे वाजतात. त्यावर उपाय म्हणून काही जण तळाशी मूठभर ओट्स किंवा तांदूळ टाकतात, त्यात पात्यांची टोकं रुतून राहतात. आमच्याकडे आंबेमोहोर आहे, पण तो यासाठी वापरायला घरून परवानगी नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे खांद्यावरून मागे जाणारा हात. रामाला समोर रावण होता; हात वर गेला म्हणून रावण पळून जाणार नव्हता. हरीण जातं.

यावर फ्रेड बेअरनं वेगळा तोडगा लोकप्रिय केला. हा पेनसिल्व्हेनियाचा माणूस मोटारींच्या कारखान्यांत काम करायला डेट्रॉइटला आला. १९२७ साली त्यानं तिथे आर्ट यंग या तिरंदाजाचा अलास्कातल्या शिकारीवरचा चित्रपट पाहिला आणि धनुष्याच्या नादाला लागला. १९३३ साली त्यानं स्वतःचा कारखाना काढला. बाण अंगावर बाळगण्याऐवजी थेट धनुष्यालाच जोडायचे, ही पद्धत त्याच्यामुळे घरोघरी गेली. वर पाती झाकणारी टोपी, खाली काड्या धरणारे रबरी चिमटे, आणि बाण धनुष्याला समांतर. अंगावर काही नाही. हात दोन वितींपेक्षा जास्त हलत नाही. रांगत जा, झाडावरच्या मचाणात चढा, सगळं एका हातात. आज अमेरिकेतले बहुतेक शिकारी हाच भाता वापरतात, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

पण लाँगबोची सगळी मजा त्याच्या हलकेपणात आहे. हातात आहे की नाही असं वाटावं, इतकं ते हलकं. त्याला एका बाजूनं सहा बाण टांगले की तोल जातो. वारा सुटला की पिसांच्या त्या भिंतीवर वारा भरतो. बाण सोडताना धनुष्य थरथरतं आणि त्या थरथरीत चिमट्यांचा एखादा सैल भाग कुरकुरतो. एकेक बाण कमी होत जाईल तसं धनुष्याचं वजनही बदलत जातं, म्हणजे पहिल्या बाणाला ओळखीचं असलेलं धनुष्य तिसऱ्या बाणाला परकं. साध्या लाकडी धनुष्यावर असा भाता म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

तिसरा मार्ग कडेच्या भात्याचा. खांद्यावरून आडवी वादी, आणि भाता कमरेला किंवा काखेखाली. घोडेस्वार तिरंदाजांनी तो शतकानुशतकं वापरला. अमेरिकेच्या गवताळ मैदानांतल्या मूळ रहिवाशांचे भातेही मऊ कातड्याचे, हवे तेव्हा पाठीवर, हवे तेव्हा काखेखाली ओढता येणारे होते.

या विषयात शिरलेला माणूस एक ना एक दिवस इशीपाशी येऊन थांबतो. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा हा शेवटचा माणूस. बाकी सगळी जमात गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारली किंवा उपाशी संपवली. १९११ च्या ऑगस्टमध्ये तो ओरोव्हिल गावच्या कत्तलखान्याशी एकटाच सापडला, आणि पुढची सुमारे साडेचार वर्षं, मरेपर्यंत, त्यानं सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात काढली. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात सॅक्स्टन पोप नावाचा शल्यविशारद शिकवत असे. तो इशीचा डॉक्टर झाला, मग मित्र आणि मग शिष्य. पोपनं इशीबद्दल बारकाईनं लिहून ठेवलं आहे. इशीचा भाता पाणमांजराच्या कातड्याचा, केस बाहेरच्या बाजूला. केसाळ कातड्यावर पाणी ठरत नाही आणि फांदी घासली तरी आवाज होत नाही. त्यात बाणांबरोबर धनुष्यही मावे. जवळ पुष्कळ बाण असले तरी भात्यात क्वचितच विसाच्या वर असत. शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे ओढ्यात अंघोळ करी, सुवासिक पाला अंगाला चोळी आणि उपाशीपोटी निघे. आमच्या आजीचं सोवळंही इतकं कडक नव्हतं.

आज अमेरिकेत पारंपरिक धनुष्याचा जो छंद आहे, त्याचा एक मोठा धागा या माणसाकडून निघतो. इशीकडून पोपकडे, पोपकडून त्याचा सोबती आर्ट यंगकडे, यंगच्या चित्रपटातून फ्रेड बेअरकडे. आणि तो १९३८ चा रॉबिन हूड? त्यातलं शेरवुडचं जंगल कॅलिफोर्नियात चिको गावच्या बागेत चित्रित केलं होतं. इशीच्या लोकांच्या टेकड्या तिथून फार दूर नाहीत. ज्या मुलखातून खरे तिरंदाज नाहीसे केले, त्याच्या पायथ्याशी सव्वीस-सत्तावीस वर्षांनी नकली शेरवुड उभं राहिलं, आणि जगानं पाठीवरचा भाता तिथून उचलला.

इशीच्याही मागे जायचं तर आल्प्सच्या बर्फात जावं लागतं. १९९१ साली इटली-ऑस्ट्रिया सरहद्दीवर पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. त्याला ओट्झी म्हणतात. त्याचा भाता आज बोल्झानोच्या संग्रहालयात आहे. लांब, अरुंद, हेझलच्या काठीचा कणा दिलेला. कातडं रो जातीच्या लहान हरणाचं, हे २०१६ साली जनुकीय तपासणीतून कळलं. आत चौदा बाण होते, पण पूर्ण तयार होते फक्त दोन. बाकी बारा नुसत्या अर्धवट काड्या. बरोबर शिंगाचे तुकडे, स्नायूंचे तंतू, दोरीचं गुंडाळं. भाता म्हणजे त्याची चालती कार्यशाळा होती. धनुष्यही अपुरंच होतं. मागाहून २००१ साली क्ष-किरणात दिसलं की त्याच्या डाव्या खांद्यात गारगोटीचं बाणाचं टोक रुतलेलं आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी भात्यातला एक बाण पूर्ण तयार होता.

इथे आईचा दुसरा प्रश्न येतो. तुमच्या घरात खायला नाही का? ओट्झीच्या घरात नव्हतं, इशीच्याही नव्हतं. त्यांनी चौदा बाळगावेत, वीस बाळगावेत. तो त्यांचा पोटाचा हिशेब होता. ससा, पक्षी, मासा, जे मिळेल ते. माझ्या घरात शीतकपाट आहे आणि डाळतांदळाचे डबे भरलेले आहेत. हरणाचं मांस आम्ही खातो, वाया घालवत नाही. या भागात २००२ सालापासून हरणांत मेंदूचा एक असाध्य रोग आढळतो, म्हणून आधी तपासणीला नमुना देतो आणि निकाल आल्यावरच मांस चुलीवर चढतं. पण त्या मांसावाचून आमचं अडत नाही. ज्याचं अडत नाही, त्यानं किती बाण न्यावेत? माझ्या मते भाता निवडताना सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला हवा. घाट, चामडं, वादी हे सगळं नंतर.

महाभारतात अर्जुनाला अक्षय भाते कशासाठी मिळाले, हे आपण सोयीनं विसरतो. कुरुक्षेत्र तेव्हा फार दूर होतं. अग्नीला खांडववन खायचं होतं आणि इंद्र पाऊस पाडून ते विझवत होता, म्हणून वरुणाकडून गांडीव आणि दोन अक्षय भाते आणवले. बाण संपणार नाहीत याची पहिली किंमत एका अरण्यानं मोजली. आगीतून बाहेर पडणाऱ्या प्राण्यांना कृष्णार्जुनांनी परत आत लोटलं, मारलं. वाचले ते सहाच जीव: मयासुर, तक्षकाचा मुलगा अश्वसेन आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपण अर्जुनाच्या बाजूला उभे असतो. हातात खरा बाण घेऊन रानात उभं राहिल्यावर ती बाजू अवघड वाटू लागते. आणि व्यासांनी पुढचंही लिहून ठेवलं आहे. मौसलपर्वात द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर लुटारू चालून येतात, आणि त्या वेळी ते अक्षय भाते रिकामे होतात.

रानात दुसरा बाण सोडायची वेळ जवळजवळ येतच नाही. पहिला बाण लागला तर हरीण धावतं, तुम्ही अर्धा तास जागचे हलत नाही, मग रक्ताचा माग काढत जाता. नाही लागला तरी ते गेलेलंच असतं. मग सहावा, आठवा, बारावा बाण कशासाठी? ते हरणासाठी नसतात, आपल्या मनाच्या समाधानासाठी असतात. एक ना धड भाराभर चिंध्या, तसे ते वजन वाढवतात आणि नेम ढिला करतात. हाताशी पुष्कळ बाण असले की लांबचा, फांद्यांआडचा, हरीण चालत असतानाचा बाण सोडायचा मोह होतो. दशरथानं नुसत्या आवाजावर बाण सोडला आणि पाणी भरायला आलेला श्रावण गेला. अमेरिकेत शिकारीचा परवाना देण्याआधी जो वर्ग घेतात, त्यात लक्ष्य पूर्ण दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय सोडायचं नाही, हे पहिल्यांदा शिकवतात. दशरथाची गोष्ट तिथे कोणी सांगत नाही. सांगायला हरकत नाही.

आमच्याच भागातला आल्डो लिओपोल्ड हे फार चांगलं जाणत होता. अमेरिकेच्या वन्यजीवशास्त्राचा हा पितामह स्वतः धनुष्यं घडवी, बाण तासून करी, आणि त्याची पत्नी एस्टेला राज्याची महिला तिरंदाजी विजेती होती. १९३४ साली विस्कॉन्सिननं धनुष्यानं हरीण मारण्याचा पहिला हंगाम दोनच तालुक्यांत दिला, सॉक आणि कोलंबिया. पुढच्याच वर्षी लिओपोल्डनं सॉकमध्ये नदीकाठची उजाड शेतजमीन आणि एक पडकं खुराडं घेतलं. त्याच्या मृत्यूनंतर १९४९ साली आलेलं त्याचं पुस्तक तिथल्या अनुभवावर उभं आहे. शिकाऱ्याच्या गळ्यात आणि कमरेला लटकणाऱ्या उपकरणांची त्यानं त्यात चांगलीच थट्टा केली आहे, आणि शिकारीतली सभ्यता म्हणजे आपल्या शस्त्रांवर आपण होऊन घातलेली मर्यादा, असा त्याचा सूर आहे. रानात तुम्हाला पाहायला पंच नसतो, प्रेक्षक नसतो. मर्यादा तुमची तुम्हीच घालायची असते. माझ्या मते ती भात्यातच शिवून घेतलेली बरी.

या राज्यात एक म्हातारा चामडं शिवणारा आहे. त्याच्या दुकानात गेलं तर तो आधी तुमचं माप घेत नाही. तो तुम्हाला उकिडवं बसवतो, गुडघ्यावर बसवतो, मग कामाच्या टेबलाखालून वाकून पलीकडे जायला सांगतो आणि तुमचे हात, खांदा, कंबर कुठे अडतात ते पाहत राहतो. वादीची लांबी त्यावरून ठरते. बाण काढताना कोपर अंगापासून किती दूर जातं, यावरून भात्याचा कोन. मी बसलो होतो तेव्हा एका तरुण गिऱ्हाइकानं बारा बाण मावतील असा भाता मागितला. म्हाताऱ्यानं दाभण खाली ठेवलं आणि विचारलं, "बारा हरणांचा परवाना आहे का तुझ्याकडे?" तरुण हसला. शेवटी त्यानं पाच बाणांचा भाता सांगितला.

माझाही पाचाचाच आहे. गाईच्या जाड चामड्याचा खालचा पेला, आतून मेंढीच्या लोकरीचं अस्तर, त्यात पाती एकमेकांना न लागता बसतात. काड्यांना चामड्याचे पट्टे. पिसांवर लोकरी कापडाची टोपी, पावसात ओढायची, एरवी मागे. रंग पालापाचोळ्याचा, पिसंही मी पांढरी लावत नाही, कारण हरणांच्या भाषेत पांढरं हललं की पळायचं असतं. चालताना भाता कमरेमागे सरकतो, बसलं की पुढे मांडीशी येतो. पाचांतले तीन बाण पात्याचे, दोन बोथट, वाटेत ओंडक्यावर हात साफ ठेवायला. बोथट बाणांच्या खाचेला मी दोऱ्याचे दोन वेढे दिले आहेत, म्हणजे डोळे हरणावर असतानाही कोणता बाण हातात आला ते बोटांना कळतं. कडेच्या भात्याचीही कुरकुर असतेच. काटेरी झुडपात तो अडकतो, पळता येत नाही. पण पळायचं असेल तर शिकार सोडून दुसरा खेळ निवडावा.

आपल्याकडचे भिल्ल तिरंदाज जुन्या छायाचित्रांत पाहावेत. बांबूचं धनुष्य, बांबूच्याच सालीची दोरी, आणि धनुष्याबरोबरच मुठीत धरलेले दोन-चार बाण. पुष्कळदा भाता दिसतच नाही. मुठीत मावतील तेवढेच बाण, हीही एक मर्यादाच. अर्थात भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबवली आणि ते योग्यच झालं. जिथे जंगलच तुकड्या-तुकड्यांनी उरलं आहे, तिथे हौसेला जागा नाही. योगायोग असा की त्याच १९७२ साली अमेरिकेनं वन्यजीवांसाठीचा आपला जुना कर धनुष्यांवरही लावायचा कायदा केला. बंदुका आणि काडतुसांवर तो १९३७ पासून होताच. धनुष्य, पाती आणि भाता यांवर अकरा टक्के. बनवणारा तो भरतो, किमतीत तो आलेलाच असतो, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो: अधिवास राखायला, गणती करायला, शिकाऱ्यांना शिकवायला. एकीकडे खांडववन जाळण्यासाठी मिळालेला भाता आणि दुसरीकडे रान राखण्यासाठी कर भरणारा भाता. दोन्हींत बाणच असतात, तरी मला दुसरा जवळचा वाटतो.

तेव्हा कोणी विचारलं तर माझा सल्ला एवढाच. भर मैदानात नेमबाजीची मौज करायची असेल तर पाठीवरचा भाता घ्या. मचाणावर बसायचं असेल तर धनुष्याला लावायचा घ्या. रानात पायी हिंडायचं असेल तर कडेचा, मऊ अस्तराचा, पिसं झाकणारा घ्या, आणि तो घालून टेबलाखालून वाकून जाऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. घाट कोणताही असो, त्यात पाचापेक्षा जास्त बाण मावत असतील तर तो दुकानात ठेवून या.